गाडीतला नान आणि मी

मित्रांनो, मी एक जुना, लोखंडी जबड्याचा उंदरांचा सापळा आहे. आधीच सांगून ठेवतो, मला दया येत नाही. ती यावी म्हणून मला कुणी घडवलंच नाही. गोड गोष्ट ऐकायची असेल तर घरातल्या चहाच्या किटलीला विचारा, ती पाल्हाळ लावून सांगेल. माझी गोष्ट खरं तर कटकन मान मोडावी तशी संपायची. पण एकदा माझ्यात माणूस अडकलं, म्हणून ती थोडी लांबली.

माझा जन्म मर्गिलान या रेशमाच्या गावी, बाजारातल्या मादमीन उस्तादच्या भट्टीवर झाला. रेशमाच्या किड्यांना पाला पुरवून पुरवून म्हातारी झालेली एक तुती कुणीतरी तोडली होती, तिची फळी माझ्या बुडाला आली. स्प्रिंग आली मोडक्या ट्रकमधून. उस्तादनं मला ताणून मांडलं आणि चापावर एक गाजर टेकवलं. गाजराचे दोन तुकडे झाले. दुकानात बसलेली मंडळी हसली, उस्ताद मात्र हसला नाही. तो गिऱ्हाइकाला म्हणाला, "याला डोळे नाहीत, एवढं लक्षात ठेव. उंदराची मान आणि तुझा हात, याला दोन्ही सारखंच."

ते गिऱ्हाईक म्हणजे उमरझाक. त्यानं मला घरी नेऊन धान्याच्या खोलीत मांडलं. तिथे मी वीस वर्षं काम केलं, आणि काय काम केलं म्हणून सांगू! दुंब्याच्या, म्हणजे जाड शेपटीच्या मेंढ्याच्या, चरबीचा एवढासा तुकडा किंवा खरबुजाचं एक बी, बस्स, सकाळी माझ्या जबड्यात कुणीतरी असायचंच. उमरझाक दर शरदात मला सरकीचं तेल द्यायचा आणि म्हणायचा, या घरात कामसू दोघंच, एक मी आणि एक हा. त्याची बायको खोसियत हे ऐकून तोंड वाकडं करायची. पुढे उमरझाक गेला. मग मला गॅरेजमधल्या खिळ्याला अडकवलं आणि सगळे विसरले. गंज चढला. कोळ्यानं माझ्या जबड्यात जाळं विणलं. माझ्यासारख्याच्या तोंडात कोळ्यानं घर करावं! पण तक्रार कुणाकडे करणार?

आता खोसियतबद्दल सांगतो, कारण गोष्ट तिचीच आहे. तिची तीन मुलं पाळण्यातच गेली होती. चौथा झाला तेव्हा त्याचं नाव ठेवलं उल्मस, म्हणजे न मरणारा. मृत्यूला चुकवायला असं नाव ठेवायची तिकडे चालच आहे. हा उल्मस वाढला तो आईच्या मुठीत. बापानं मागे ठेवलेली सोव्हिएत जमान्यातली पांढरी, चौकोनी गाडी तो पुसून पुसून चकचकीत ठेवायचा. मग त्याचं लग्न झालं. रिश्तानची सनोबर नावाची मुलगी घरात आली. कामाला वाघ, बोलायला मुकी. लग्नाला चाळीस दिवस होतात न होतात तोच उल्मस कामासाठी रशियाला निघाला, त्या गावातली अर्धी तरुण पोरं जातात तसा.

त्या सकाळी त्यानं गाडी गॅरेजमध्ये लावली. बाहेर टॅक्सी हॉर्न वाजवत होती. तो गाडीतून उतरणार एवढ्यात खोसियत ताजा नान घेऊन धावत आली. लांबच्या प्रवासाला निघालेल्यानं नानचा एक चावा घ्यायचा, उरलेला नान घरच्यांनी लटकवून ठेवायचा आणि त्यानं परत येऊन तो संपवायचा, अशी तिकडची रीत. नान वाट बघत असला की माणूस येतो म्हणतात. उल्मसनं ड्रायव्हरच्या सीटवर बसूनच घाईघाईनं चावा घेतला आणि तो गेला. लोक असा नान घरातल्या भिंतीला लटकवतात. पण खोसियतनं वेगळंच डोक्यात घेतलं. चावला जिथे, नान राहील तिथेच. तो येईल, याच सीटवर बसेल, नान संपवेल आणि मगच गाडीतून उतरेल. तिनं नान पांढऱ्या कापडात बांधला आणि ड्रायव्हरच्या खिडकीवरच्या हुकाला सुतळीनं टांगला. शेजारी राहणाऱ्या, गाड्या दुरुस्त करणाऱ्या हमराकुल-अकानं, म्हणजे हमराकुलदादानं, तिला समजावलं की खाला, म्हणजे मावशी, गाडीत खाण्याची वस्तू ठेवलीत तर आठवड्यात उंदीर येतील, घरात लटकवा. तिनं त्याच्याकडे अशा काही नजरेनं बघितलं की बिचाऱ्यानं परत तो विषय काढला नाही.

उंदीर आठवड्यात नाही, चार दिवसांत आले.

मित्रांनो, बंद गाडी म्हणजे उंदरांचा महाल. सीटचा फोम गादीला, हवेच्या फिल्टरचा डबा बाळंतपणाला, आणि वायरींवरचं प्लास्टिक दात घासायला. खोसियतनं गाडी वाचवायचा विडा उचलला. हमराकुल-अकाकडून गाडी विटांवर चढवून घेतली, बॅटरी घरात नेली. धुराच्या नळीच्या तोंडाला तारेची जाळी ठोकली. सीटखाली पुदिना पसरला, तंबाखू पसरली, डांबराच्या गोळ्या टाकल्या. गाडीला असा काही वास सुटला की माणसाला ठसका लागावा. उंदीर मात्र पुदिन्यावर निजायचे. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, अशी गत. नान तिथेच होता ना! सगळ्यांना ते दिसत होतं. बोलायची कुणाची छाती नव्हती.

मग तिला माझी आठवण आली. तिनं मला खिळ्यावरून काढलं, सनोबरच्या पुढ्यात आदळलं आणि सांगितलं की रोज संध्याकाळी हा गाडीत मांडायचा, रोज सकाळी रिकामा करायचा, आणि हातानं करायचा, चिमटा वापरायचा नाही. सनोबरनं माझा गंज राखेनं घासून काढला, तेल दिलं. पहिला उंदीर माझ्यातून सोडवताना तिला ओकारी आली आणि मला मनापासून राग आला. माझ्या कामाला ओकारी? पण पुढे सवय झाली. तिला आणि मला एकमेकांची.

खोसियतला उंदरांचं नुसतं मरणं पुरेसं वाटत नव्हतं. मी स्वच्छ मारतो हो, एका झटक्यात, त्याचा मला अभिमान आहे. पण तिनं बाजारातून चिकट पुठ्ठे आणले. त्यांच्यावर उंदीर दोन दोन दिवस जिवंत चिकटून राहायचे, आणि ती स्टूल घेऊन समोर बसायची. त्यांच्याशी बोलायची. माझ्या मुलाच्या नानवर डोळा ठेवता काय, ओरडा, अजून ओरडा, बाकीच्यांना ऐकू जाऊ दे. मेलेले उंदीर ती शेपट्यांनी एका तारेवर ओवून गॅरेजच्या दारात लटकवायची, इतरांना जरब बसावी म्हणून. एक मांजरही आणलं होतं. पोट भरलं तर शिकार करणार नाही म्हणून त्याला उपाशी ठेवलं. मग अर्ध्यावर बेत बदलून विषाचे गहू टाकले. मांजरानं विष खाल्लेला उंदीर खाल्ला आणि गाडीच्या चाकाला टेकून तीन दिवसांत मेलं. खोसियत म्हणाली, आळशीच होतं मेलं. आणि ते ओढून बाहेर टाकायला तिनं सनोबरला हाक मारली.

सुनेवरही तिची तीच नजर. तू आलीस आणि उंदीर आले, हे वाक्य मी किती वेळा ऐकलं त्याला गणती नाही. सकाळी माझ्यात उंदीर सापडला तर सनोबरचं घर घाण, नाही सापडला तर सनोबरनं मला नीट मांडलं नाही. काही झालं तरी दोष तिचाच.

दुसऱ्या शरदात बातमी आली. उल्मसनं तिकडे दुसरं घर केलं होतं, एक मूलही झालं होतं. त्याचे फोन आधीच बंद झाले होते. सनोबरचा बाप दोन वडीलधाऱ्यांना घेऊन रिश्तानहून मुलीला न्यायला आला. खोसियत त्यांना सरळ गॅरेजमध्ये घेऊन आली. मोहल्ल्यातल्या बायकाही मागे मागे आल्या. तिनं गाडीचं दार उघडलं, कापड सोडलं आणि नान दाखवला. कडक वाळलेला, पण अख्खा, एक चावा सोडून.

"माझ्या मुलाचा नान अजून त्याची वाट बघतोय," ती म्हणाली. "नान असताना बायको कशी जाईल? ऐका सगळ्या. ज्या दिवशी या नानला उंदराचा दात लागेल, त्या दिवशी मी स्वतः हिचा हात धरून हिला गाडीत बसवीन, माहेरी पोचवीन. तोवर ही माझी सून आहे."

बापानं नानकडे बघितलं, दाढी कुरवाळली. नानपुढे त्या मुलखात कुणाची जीभ उचलत नाही. त्यानं चहा घेतला, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, तुझं घर हेच असं म्हणाला आणि निघून गेला. सनोबर दारात लटकलेल्या उंदरांच्या तारेखाली उभी होती. तर मित्रांनो, एवढीच पैज होती. नान राहिला तर सनोबर अडकली, नान गेला तर सुटली. आणि नान राखायला मांडलेला होतो मी, आणि मला रोज मांडणारी होती सनोबर. तिनं नानला हात लावला असता तर प्रश्नच मिटला असता, असं तुम्हाला वाटेल. पण नानवर हात टाकणं तिला आईवर हात टाकण्यासारखं होतं. ती ज्या घरात वाढली तिथे रस्त्यात पडलेला तुकडासुद्धा उचलून, कपाळाला लावून उंच जागी ठेवतात.

आता माझ्या आयुष्यातली लाजिरवाणी गोष्ट सांगतो. त्या शपथेला आठ दिवस झाले नाहीत तोच मी हरलो. एक थोराड उंदीर माझ्या चापावर पडला आणि मी त्याला धरला. पण मी एका वेळी एकच धरतो ना! माझं तोंड भरलेलं बघून बाकीचे सुतळीवरून उतरले आणि त्यांनी नान पोखरून खाल्ला. मी मेलेल्याला धरून बघत बसलो. सकाळी सनोबर तंदूरपाशी भाजत होती, म्हणून त्या दिवशी खोसियत आधी आली. तिनं कापड चाचपलं. आत चुरा आणि लेंड्या.

ती उल्मसच्या सीटवर बसली. मला वाटलं, आता रडेल, सुनेला हाक मारेल, शब्द पाळेल. ती उठली, आत गेली आणि पदराखाली एक गरम नान घेऊन आली. सनोबरनं आत्ता भाजलेला. ती पुन्हा त्याच सीटवर बसली, स्टिअरिंगवर एक हात ठेवला आणि तिनं नानचा चावा घेतला. तिचे पुढचे दोन दात सोन्याचे होते, ते चमकले. मग तिनं नान नव्या कापडात बांधला, टांगला, आणि जाता जाता माझ्याकडे बघितलं. उंदराला मांजर साक्ष म्हणतात; तिच्या चोरीला साक्षीदार होता सापळा. ती निर्धास्त गेली.

दर हिवाळ्यात असंच व्हायला लागलं. उंदीर नान खायचे, म्हातारी नवा टांगायची. गाडीच्या वायरी गेल्या, सीटच्या चिंध्या झाल्या, छताचं कापड लोंबायला लागलं, आणि नान जसाच्या तसा! मोहल्ल्यात बोभाटा झाला. उंदरांनी सगळी गाडी खाल्ली, पण उल्मसच्या नानला तोंड लावलं नाही. दर नवरोजला, म्हणजे वसंतातल्या नव्या वर्षाला, बायका बघायला यायच्या. खोसियत लांबूनच कापड उघडून दाखवायची आणि बायका दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवून दुवा मागायच्या. सनोबर मागे चहाचे पेले घेऊन उभी असायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती अशी.

चौथ्या हिवाळ्यात सनोबर बदलली. ती मला गाडीत ठेवायची, आमिष लावायची, पण ताणायची नाही. मी नुसता पसरलेला. उंदीर माझ्या जबड्यावर बसून मिशा साफ करायचे. मला अपमान वाटला, पण कळलंही. मुलगी नानला हात लावणार नव्हती. फक्त उंदरांच्या वाटेतून बाजूला होत होती. ती रोज सकाळी आशेनं यायची, कापडाकडे बघायची. एक दिवस खरंच कापडाला भोक दिसलं. ती धावत सासूला बोलवायला गेली. सासूनं तिला आधी दूध तापवायला बसवलं आणि मग निवांतपणे कापड उघडलं. नान अख्खा!

सनोबर त्या दिवशी गाडीच्या दाराला धरून खाली बसली. मग तिनं कपाळ जमिनीला टेकवलं आणि देवाची माफी मागितली. तिला वाटलं, तोच धरून ठेवतोय. माणसानं धरलं तर माणूस धडपडतो हो. देवानंच धरलंय म्हटल्यावर काय करणार? दुसऱ्या दिवसापासून ती मला पुन्हा ताणून मांडू लागली, पहिल्यापेक्षा जास्त निगुतीनं. मी सांगू शकलो असतो, पण मला एकच शब्द येतो, आणि तो फक्त मान मोडताना येतो.

पाचव्या वर्षी घरातला नानचा ठसा मोडला. नानच्या मधोमध टोचून नक्षी काढायचा खिळ्यांचा ठसा असतो ना, तो. जुन्या ठशाची नक्षी आठ पाकळ्यांचं फूल होती, उल्मसच्या नानवर तीच होती. सनोबरनं बाजारातून नवा आणला. त्याची नक्षी वर्तुळात चांदणी. कुणी त्याकडे लक्ष दिलं नाही. खोसियतनं तर नाहीच दिलं, तिची नजर तोवर अधू झाली होती.

सातव्या नवरोजला बायका जमल्या. खोसियतनं कापड उघडलं. सनोबर पेल्यांचं तबक घेऊन उभी होती. उन्हाची तिरीप नेमकी नानवर पडली आणि मधोमध दिसली वर्तुळात चांदणी. तिचा ठसा. तिच्या हातचा नान. तबकातले पेले एकदा किणकिणले, तेवढंच. तिनं सगळ्यांना चहा दिला. बायका दुवा मागत होत्या तेव्हा तिनंही चेहऱ्यावरून हात फिरवले. पण हातांमागे तिचे डोळे उघडे होते. मी जमिनीवर होतो, मला खालून दिसत होतं.

त्यानंतर सहा महिने ती रोजची कामं करत राहिली. शरद आला, उंदीर आले. तिनं मला पुन्हा न ताणता ठेवलं. उंदरांनी सुतळी कुरतडली आणि गाठोडं धपकन सीटवर पडलं. एका आठवड्यात त्यांनी नान निम्मा खाल्ला. मग एका दुपारी सनोबर आली. तिनं मला उचललं, पुसलं, माझ्या स्प्रिंगला तेल दिलं, पार उमरझाक द्यायचा तसं. गाठोडं उघडून तिनं उरलेल्या तुकड्यांवर सरळ हात ठेवला. तिच्याच हातचा तो नान, आता तिला कसली बंदी? मला तिनं ताणलं, तुकड्यांच्या मध्ये ठेवलं आणि वरून कापडाची घडी अलगद टाकली. मग घरात जाऊन सासूला सहज सांगितलं की ओयी, म्हणजे आई, गाठोडं खाली पडलंय वाटतं, मी काही हात लावला नाही. सासूनं ताबडतोब तिला बाजारात कांदे आणायला पिटाळलं. सनोबर पिशवी घेऊन फाटकाबाहेर गेली आणि फाटकाला पाठ लावून उभी राहिली.

खोसियत आली. पदराखाली नवा नान होताच. ती मुलाच्या सीटवर गाठोड्याच्या कडेला बसली, स्टिअरिंगवर हात ठेवला, चावा घेतला. तोंडातल्या तोंडात म्हणाली, "ये रे बाबा, लवकर ये." खोटं नाही सांगत, तिच्या आवाजात त्या क्षणी काहीही लबाडी नव्हती. मग जुने तुकडे काढायला तिनं घडीत हात घातला.

मी दोन बोटं धरली. हाडांचा आवाज गाजरापेक्षा मोठा आला.

ती ओरडली नाही. नुसतं तोंड उघडलं, आणि चावलेला नान मांडीवर पडला. गॅरेजचं दार उघडलं आणि सनोबर आत आली. तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग मांडीवरच्या नानकडे, आणि पलीकडच्या दारानं येऊन शेजारी बसली.

"ओयी, हा कितवा?"

खोसियतच्या कपाळावर घाम आला होता. "सहावा," ती म्हणाली. मग मान वर करून म्हणाली, "आईचा चावा काय आणि मुलाचा काय. रक्त एकच आहे. नान लटकत राहिला तरच तो येईल. हे काढ आधी."

"रक्त एकच तर रीतही एकच," सनोबर म्हणाली. "ज्यानं चावा घेतला त्यानंच संपवायचा. तुम्हीच शिकवलंत मला."

"बोटं मोडलीत माझी. काढ म्हणते ना."

"आधी नान."

मी सासूला वाकताना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. सनोबरनं नान कपाळाला लावला, तुकडा तोडला आणि तिच्या तोंडापुढे धरला. घाई केली नाही. बाळाला भरवतात तसं भरवलं. म्हातारी चावत होती, रडत होती, घास घशात अडकत होता. सनोबर थांबायची, पाठीवरून हात फिरवायची आणि पुढचा तुकडा तोडायची. एकदा खोसियत म्हणाली की पाणी दे. सनोबर म्हणाली, उंदरांना तुम्ही दोन दोन दिवस पाणी दिलं नाहीत. नान मोठा होता, सनोबर नेहमी मोठेच भाजायची. तो संपेपर्यंत मी घट्ट धरून होतो. सोडणं माझ्या हातात नसतंच. पण असतं तरी मी सोडलं नसतं, हे कबूल करतो. सात वर्षं मीही साक्षीदार होतो, आणि गप्प राहण्याचा मलाही वीट आला होता.

शेवटचा घास गेल्यावर सनोबरनं पायानं माझी कमान दाबली. हात सुटला. तिनं स्वतःच्या ओढणीची पट्टी फाडून बोटं बांधली, हमराकुल-अकाला हाक मारून सासूला हाडवैद्याकडे नेलं आणि परत आणलं. मग म्हणाली, "आता मला पोचवा. शब्द तुमचा होता."

पुढचं मी बघितलं नाही. हमराकुल-अका गॅरेजच्या दारात उभा राहून पुढे कितीतरी दिवस लोकांना सांगत होता, त्यावरून सांगतो. खोसियत बांधलेला हात छातीशी धरून सुनेबरोबर गल्लीतून चालत गेली. प्रत्येक फाटकात बाई उभी. प्रत्येकीला खोसियतला स्वतःच्या तोंडानं सांगावं लागलं की नानला उंदराचा दात लागला, सून माहेरी चालली. रिश्तानच्या गाडीत तिनं सुनेला हात धरून बसवलं. सनोबरनं मागे वळून बघितलं नाही म्हणे. बघायला होतं तरी काय.

त्यानंतर मला कुणी मांडलं नाही. खोसियतची दोन बोटं वाकडीच राहिली, तिच्यानं माझी कमान दबेना. माझी स्प्रिंग गंजली, तुतीच्या फळीला कीड लागली. उंदरांनी उल्मसच्या सीटमध्ये घर केलं, तिथे गुलाबी पिल्लं झाली, आणि ती माझ्या अंगावरून पहिली पावलं टाकायला शिकली. खोसियत कधी कधी स्टूल घेऊन यायची, बसायची. उंदीर तिच्या पायाशी फिरायचे. ती काही म्हणायची नाही.

आणि मित्रांनो, पुढच्या उन्हाळ्यात उल्मस आला. खराखुरा, धडधाकट, पोट सुटलेला. चार दिवसांसाठी आला होता, गाडी विकायला. हमराकुल-अकानं बॉनेट उघडून दाखवलं, वायरी उरल्या नव्हत्या. भंगारात जाईल, तो म्हणाला. उल्मसनं खांदे उडवले आणि सहज म्हणून ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला. सनोबरचं नाव त्यानं चार दिवसांत एकदाही काढलं नाही. त्याची नजर खिडकीवरच्या हुकाकडे गेली. तिथे कुरतडलेल्या सुतळीचं एक टोक लोंबत होतं.

"आई, हे इथे काय बांधलं होतं गं?"

खोसियत दारात उभी होती. तिनं वाकडी बोटं पदराखाली घेतली.

"काही नाही रे," ती म्हणाली. "उंदीर फार झाले होते."

आता मी हमराकुल-अकाच्या भंगाराच्या ढिगात पडलोय. कधी वितळवतील ठाऊक नाही. जाण्याआधी मित्रांनो, एवढंच मागणं आहे. घरात माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याला वर्षातून एकदा तेलाचं बोट लावा, ओल्यात टाकू नका. त्याचं काम त्याला करू द्या, आणि मेलेल्यांची तार दारात टांगू नका. पण त्याला मांडायच्या आधी गाडीचं दार उघडून नीट बघा, आत कुणाचा नान लटकतोय. तो आधी काढा. उंदीर आपोआप जातील, आणि ज्याला जायचंय त्यालाही जाता येईल.